आनंदीबाईंचा अर्ज

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत अर्जाचे दोन नमुने चालतात. एक शाळेत घोटून घेतलेला हिंदी : 'सेवा में, श्रीमान प्राचार्य महोदय', खाली विषय, मग 'सविनय निवेदन है कि' आणि शेवटी 'सदैव आभारी रहूँगा'. दुसरा आजोबा-पणजोबांनी विदर्भातून बरोबर आणलेला : 'वरील विषयास अनुसरून' पासून निघून 'संधी दिल्यास माझे काम प्रामाणिकपणे करीन व आपणांस तक्रारीस जागा देणार नाही' इथे पोचणारा. १९३५ सालचं महाराष्ट्र मंडळ याच वस्तीत आहे. तिथे कार्यक्रमाला गेलं की एखादी आई मुलीचा कागद पुढे करते, "काका, एवढं जरा बघून द्या ना." काका बघतात, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. मजकुरात सुधारण्यासारखं काही नसतंच, कारण मजकूर मुलीचा नसतो.

'तक्रारीस जागा देणार नाही' हे वाक्य मला फार बोलकं वाटतं. उमेदवार काय करून दाखवणार ते त्यात नाही. आपण नेमणूक केली हे तुमच्या कधी ध्यानातही येणार नाही, एवढीच हमी आहे. हिंदी नमुना तर होकाराआधीच आभार मानून मोकळा होतो. दोन्हींत उणीव झाकायची सोय उत्तम. गुण कमी, वर्ष वाया गेलेलं, अनुभव नाही, हे सगळं नम्रतेच्या घडीत बसून जातं.

उणीव न झाकणारा अर्ज कसा असतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने आनंदीबाई जोशींचा वाचावा. २८ जून १८८३ या तारखेचा, फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या अॅल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेला. आनंदीबाईंचं वय १८. न्यूयॉर्कला उतरून महिनाही झालेला नव्हता. मुक्काम न्यू जर्सीत रोझेल इथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी. पती गोपाळराव हजारो मैलांवर हिंदुस्थानात. पत्र इंग्रजीत आहे, पण वाचताना सांगणारी बाई कुठली, हे ओळीओळीत कळतं.

आधी गोपाळरावांचं पत्र आठवावं, म्हणजे हिचं वेगळेपण उठून दिसतं. पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापुराहून तिथल्या मिशनऱ्यांना लिहिलं होतं : पत्नीला शिकवायचं आहे, अमेरिकेत जायचं आहे, तिथे मला काही काम मिळेल का? तोही एक अर्जच. पत्र वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांकडे गेलं आणि त्यांनी ते आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू'त छापलं, धर्मांतराच्या सल्ल्यासकट. अर्ज फेटाळला गेला तो असा चारचौघांत. आणि नेमका तोच छापील नकार दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती लागला. त्यांनी आपण होऊन पत्रव्यवहार सुरू केला. ज्याच्या नावे लिहिला त्याने नाकारलेला अर्ज तिऱ्हाइताने मंजूर केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. पण त्या पत्रात पत्नी हा विषय आहे. पाच वर्षांनंतरच्या पत्रात ती स्वतः बोलते.

बोलते काय? कॉलेजच्या प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करणार नाही, हे ती स्वतःच सांगून टाकते, आणि माझी गोष्ट निराळी आहे तेव्हा दयाबुद्धीने पाहा, अशी विनंती करते. इथवर आपलाच सविनय सूर आहे. सामान्य अर्जदार यापुढे आणखी वाकला असता. ही सरळ उभी राहते. प्रकृती चांगली आहे, असं आधी सांगते, आणि मग येतो तो दाखला, जो कुठल्याच शाळेने दिलेला नाही : आप्तेष्ट आणि जात यांचा एकवटलेला विरोध असताना जो निश्चय मला तुमच्या देशात घेऊन आला, तो पुढच्या कामातही बराच उपयोगी पडायला हवा.

या वाक्याची बांधणी पाहा. 'मी निश्चयी आहे' असं ती म्हणत नाही. निश्चय हा इथे कर्ता आहे आणि त्याने एक काम आधीच करून दाखवलं आहे. पुरावा म्हणून अर्जदार समोर उभी आहे. आणि विरोध किती, तर मोजक्या शब्दांत. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरच्या (बंगालातल्या, आपल्या नगरकडच्या नव्हे) कॉलेजात तिने भर सभेत एकेका आक्षेपाला उत्तर दिलं होतं. एवढं भांडवल गाठीशी असताना अर्जात त्यातलं काहीही उगाळलेलं नाही. दुःख सांगायचं किती, याचं हे भान भल्याभल्यांना नसतं.

रामानुजन यांचा ९ फेब्रुवारी १९१२ चा, मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या कारकुनीसाठीचा अर्ज याच जातकुळीचा. प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण पुढे जाऊ शकलं नाही, हे एका वाक्यात. तरी सगळा वेळ गणिताला देतो आहे, हे लगेच पुढच्या. त्यांना महिना ३० रुपयांची जागा मिळाली. पण त्यांचा कागद कोरडा आहे, आनंदीबाईंच्यात धग आहे.

ती धग कुठून येते? हेतूच्या वाक्यातून. माझ्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यायची आहे. इथे अर्जाचा रोख बदलतो. आता खुर्चीवरच्या माणसाला या मुलीच्या गुणपत्रिकेकडे पाहायचं नाही, ज्या बायका दिसत नाहीत त्यांच्याकडे पाहायचं आहे. हे वकिली कौशल्य आहे, आणि ते खरंही आहे. तिचं स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. अर्जाचं बळ वाढवायला ही गोष्ट सहज वापरता आली असती. या वाक्याला तिची गरज पडलेली नाही.

त्यानंतरचं मानवतेच्या हाकेचं वाक्य मात्र मला जरा फुगीर वाटतं. त्या काळच्या इंग्रजी सभांतून अशी वाक्यं फार असत, आणि यजमानांच्या दिवाणखान्याचा वारा त्याला लागला असावा, असा माझा आपला कयास. पत्राचा उतार तिथे क्षणभर घसरतो.

पण लगेच सावरतो. स्वतःकरता काही मागत नाही, कामाला लायक व्हायला जे लागेल तेवढं तुमच्या कॉलेजच्या दारी मागते, असं ती लिहिते, आणि पुढे जोडते : किंवा जे कॉलेज मला प्रवेश देईल त्याच्या दारी. मागणारी हात जोडून उभी आहे आणि त्याच दमात सांगते आहे की दारं आणखीही आहेत. आमच्या मंडळातल्या कुठल्याही काकांनी ही पुरवणी लाल शाईने खोडली असती. "असं लिहितात का कधी? राग येईल ना त्यांना!" कॉलेजला राग आला नाही. त्यांनी प्रवेश दिला, वर शिष्यवृत्तीही दिली.