अवधानाचे सामूहिक अधिष्ठान : ज्ञानेश्वरीतील श्रोता आणि काशीमीरा येथील वाचक

बीजसंज्ञा : अवधान, श्रवण, पारायण, सामूहिक साधना, भ्रमणध्वनी, वाचनसंस्कृती

प्रस्तावना

पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता जेथे एकत्र येतात, तेथे काशीमीरा वसले आहे. काशी आणि मिरे या गावांची नावे एकत्र होऊन रूढ झालेले हे स्थळनाम आज मिठागरे, शेती व डोंगरउतार यांपेक्षा नाक्यावरील वाहतुकीची आठवण अधिक करून देते. १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली होती. लोकलचा प्रवास, लहान घरे, अनेक भाषांचा शेजार आणि प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनी हे येथील दैनंदिन जीवनाचे घटक होत. अशा वस्तीतील विद्यार्थ्याचे वाचनात मन लागत नाही, ही तक्रार पालक व प्राध्यापक वारंवार करतात. तक्रार खरी आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. अवधान हा व्यक्तीचा गुण असून त्याचा अभाव हा व्यक्तीचा दोष होय, असे ते गृहीतक आहे. मराठी वाङ्मयपरंपरेचा साक्षेपाने विचार केल्यास हे गृहीतक टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आधुनिक चर्चेची मर्यादा

माहितीची विपुलता अवधानाचे दारिद्र्य निर्माण करते, हा विचार अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता. पुढे २००७ मध्ये अमेरिकन समीक्षक एन. कॅथरीन हेल्स यांनी 'सखोल अवधान' आणि 'अतिचंचल अवधान' असा भेद केला. एकाच विषयावर, उदाहरणार्थ एखाद्या कादंबरीवर, दीर्घकाळ स्थिर राहणारे आणि कंटाळा सहन करणारे ते सखोल. अनेक प्रवाहांत झपाट्याने फिरणारे आणि सतत उद्दीपन मागणारे ते अतिचंचल. हेल्स यांनी दुसऱ्या प्रकाराला सरसकट कमी लेखले नाही, ही त्यांच्या मांडणीची जमेची बाजू होय. तथापि त्यांचा भेद प्रामुख्याने पिढ्यांच्या अंतरावर उभा आहे. एकाच पिढीतील एका विद्यार्थ्याला स्वतंत्र खोली मिळते आणि दुसऱ्याला दूरचित्रवाणीसमोर बसून अभ्यास करावा लागतो, हे अंतर त्यात पुरेसे दिसत नाही. अवधान कोणत्या पिढीचे, यापेक्षा ते कोणत्या व्यवस्थेत शक्य होते, हा प्रश्न काशीमीरासारख्या वस्तीसाठी अधिक निकडीचा आहे.

ज्ञानेश्वरीतील श्रोता

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, सिद्ध झालेला सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ मुळात श्रोत्यांसमोर केलेले निरूपण आहे. परंपरेनुसार ते नेवासे येथे झाले व सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. ही मागणी औपचारिक नाही. चंद्रकांत मणी पाझरतो, पण पाझरविण्याचे सामर्थ्य चंद्राचे. त्याचप्रमाणे श्रोत्यावाचून वक्त्याला वक्तेपण नाही, असा तेथील दृष्टान्ताचा आशय आहे. येथे अवधान हे ग्रहणाचे साधन राहत नाही, ते निर्मितीचे कारण ठरते. ऐकणाऱ्यांच्या लक्षातून बोलणे आकाराला येते.

या लक्षाचे स्वरूपही ज्ञानदेवांनी नेमकेपणाने सांगितले आहे. पहिल्या अध्यायात चकोराची पिले शरदातील चांदण्याचे कोवळे कण टिपतात आणि कमळदलाला कळू न देता भ्रमर पराग नेतो, अशा प्रतिमा येतात. दोन्ही प्रतिमांत बळजबरी नाही. आजच्या शैक्षणिक भाषेत 'लक्ष दे' हा शब्दप्रयोग बहुधा आज्ञार्थी, पुष्कळदा दरडावणीच्या सुरात येतो. ज्ञानेश्वरीत मात्र वक्ता श्रोत्यापुढे नम्र होतो आणि लक्ष देण्यातील हळुवारपणाच त्याची खोली ठरतो.

सप्ताहाची रचना आणि तिचे अंतर्विरोध

वारकरी परंपरेने या विचाराला सामाजिक रचना दिली. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. विणेकरी पाळीपाळीने पहारा देतात. एक थकला की दुसरा ती गळ्यात घेतो. सात दिवस जागे राहणे कोणा एकाला शक्य नाही, समूहाला शक्य आहे. चित्त विचलित होणारच, हे गृहीत धरून केलेली ही योजना आहे. एकाच्या दुर्बलतेला दुसऱ्याचा आधार मिळतो, हे तिचे मर्म.

तरीही या परंपरेचा निव्वळ गौरव करून थांबता येत नाही. सात दिवसांत ज्ञानेश्वरीचे पारायण पूर्ण करायचे, तर दररोज सुमारे १,३०० ओव्या वाचाव्या लागतात. एवढ्या वेगात अर्थाकडे लक्ष राहतेच असे नाही; अवधानाच्या ग्रंथाचे वाचन अनवधानाने होण्याचा धोका संभवतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वांनी एकत्र ऐकावे म्हणताना 'सर्व' म्हणजे कोण? चोखोबांना विठ्ठलमंदिराबाहेर राहावे लागले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. ज्या समूहाच्या दाराशी कोणी अडविला जातो, त्याचे अवधान कितीही खोल असले तरी अपुरेच असते. सामूहिक अवधानाची कोणतीही नवी योजना या कसोटीवर तपासली पाहिजे.

दोन समकालीन प्रयोग

या दृष्टीने दोन प्रयोग अभ्यसनीय आहेत. पहिला मीरा-भाईंदरच्या शेजारी, गोराई येथे आहे. २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाच्या खांबविरहित घुमटाखाली सुमारे ८,००० साधक एकाच वेळी बसू शकतात. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ पासून भारतात शिकविलेल्या या साधनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात भ्रमणध्वनी जमा केला जातो, मौन पाळले जाते आणि दिवसातून तीन वेळा सामूहिक साधना होते. साधना ज्याची त्याची. पण शेजारच्याच्या निश्चल बसण्याचा आधार प्रत्येकाला मिळतो. मात्र येथे साधक परस्परांशी बोलत नाहीत, अर्थाची देवाणघेवाण होत नाही. शिवाय रोजंदारीवरील माणसाला दहा दिवसांची रजा परवडत नाही.

दुसरा प्रयोग सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सुरू झाला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद करावयाचे आणि ८.३० पर्यंत अभ्यास, वाचन, संभाषण करावयाचे, असे ग्रामस्थांनी ठरविले. या निर्णयाचे महत्त्व त्याच्या एककालिकतेत आहे. एकट्या घराने दूरचित्रवाणी बंद केली तर शेजारचा आवाज भिंतीतून येतोच. सारे गाव थांबले तर मुलाला काही चुकल्यासारखे वाटत नाही. भोंग्यात शिस्तीची सक्ती आहे, हा आक्षेप घेता येईल. परंतु भ्रमणध्वनीवरील प्रत्येक सूचनाध्वनी हादेखील एक भोंगाच आहे, आणि तो केव्हा वाजावा हे वापरणाऱ्यांच्या सभेने ठरविलेले नसते.

काशीमीरा येथील शक्यता

उपर्युक्त विवेचनातून सामूहिक अवधानाचे तीन घटक हाती येतात : शब्द, स्थळ आणि वेळ. ज्ञानेश्वरी शब्द देते, पॅगोडा स्थळ देतो, वडगाव वेळ देते. काशीमीरा येथे गावाचा एक भोंगा शक्य नाही. येथील माणसे वेगवेगळ्या पाळ्यांत घरी परततात आणि वेगवेगळ्या भाषांत बोलतात. येथे तिन्ही घटक लहान प्रमाणात जुळवावे लागतील. महाविद्यालयातील एक वर्ग, आठवड्यातील एक तास, दाराशी ठेवलेले भ्रमणध्वनी आणि मोठ्याने, आळीपाळीने वाचलेली मोजकी पाने, एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो. वीणेप्रमाणे पुस्तक हातातून हातात जावे. ज्याचे वाचन अडखळते त्यालाही पाळी मिळावी आणि ज्याची मातृभाषा मराठी नाही त्याच्यासाठी वाचन थांबवून अर्थ सांगितला जावा. पाने कमी झाली तरी चालतील. दाराबाहेर कोणी राहू नये.

समारोप

अवधान ही खासगी संपत्ती मानली की ज्याच्याकडे शांत खोली आहे तोच श्रीमंत ठरतो आणि इतरांच्या वाट्याला उपदेश येतो. ते पाणवठ्यासारखे सामाईक मानले, तर त्याची राखण ही सर्वांची जबाबदारी होते आणि तो सर्वांना खुला असणे हा न्यायाचा प्रश्न ठरतो. नवव्या अध्यायातील वक्ता श्रोत्यांना दोष न देता त्यांच्याकडे मागणे मागतो. विद्यार्थ्याचे लक्ष नाही, असे म्हणण्यापूर्वी ते मागण्याइतकी नम्रता आणि ते टिकावे अशी जागा आपण त्याला दिली काय, हा प्रश्न शिक्षणसंस्थांनी प्रथम स्वतःला विचारावयास हवा.