लांब व्याख्यानाला जागा कुठे?

क्लाइनबर्ग आणि टार्डोश यांचं ‘अल्गोरिदम डिझाइन’ (2005) मी वाचलं ते तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून. तेव्हा जाणकारांनी थोडं सांभाळून घ्यावं. त्यातलं चौथं प्रकरण ग्रीडी अल्गोरिदमचं. त्याची सुरुवात होते ‘वॉल स्ट्रीट’ (1987) सिनेमात मायकल डग्लस लोभाची तरफदारी करतो त्या भाषणाने. गंमत म्हणून ठीक. पण लगेच पुढे जो प्रश्न येतो, त्यात हावरटपणा मला काही सापडला नाही.

प्रश्न असा. सभागृह एक, मागण्या अनेक, वेळा एकमेकींवर चढलेल्या. जास्तीत जास्त मागण्या कशा बसवायच्या? आधी सुरू होईल त्याला द्या, म्हणाल तर नऊला सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणारा एकच कार्यक्रम बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतो. बरं, सर्वांत छोट्याला द्या? नऊ ते अकरा आणि अकरा ते एक असे दोन कार्यक्रम आहेत. पावणेअकरा ते सव्वाअकरा असा एक मध्ये येऊन बसला, की दोघंही गेले. उत्तर वेगळंच आहे. जो सर्वांत आधी संपतो तो घ्या, त्याच्यावर चढणारे वगळा, पुन्हा तेच करा. घेतलेला निर्णय पुन्हा उघडायचा नाही, एवढ्यावरून याला ग्रीडी म्हणतात. खरं तर हा नियम जागा लवकर मोकळी करणाऱ्याच्या बाजूचा आहे.

सिद्धता देखणी आहे. कुणीही केलेली दुसरी यादी घ्या. तिचा पहिला कार्यक्रम आपल्या पहिल्याच्या आधी संपूच शकत नाही. म्हणजे तिचा दुसरा आपल्यालाही उपलब्ध असतो, आणि आपण तो तरी घेतो किंवा त्याहून लवकर संपणारा. असं पायरीपायरीने आपण कधीच मागे पडत नाही. मग शेवटी तिच्याकडे एक जास्त कुठून येणार?

माझी तक्रार इथून पुढे आहे. समजा, दहा ते एक व्याख्यान आहे आणि अकरा ते साडेअकरा कुणाची तरी बैठक. व्याख्यानाच्या वेळेत बैठक पूर्ण मावते. अशी पोटात दुसरी वागवणारी मागणी या नियमाने कधीच निवडली जात नाही. कधीच, हं! बैठक घेतली तर व्याख्यान गेलं. बैठक अडली, तर जिच्यामुळे ती अडली तीच मागणी व्याख्यानालाही अडवते. पुस्तक याला इष्टतम म्हणतं, आणि मोजणीपुरतं ते खरंच आहे. पण सगळ्या मागण्या सारख्या मोलाच्या धरायच्या, हे कुणी ठरवलं? ते गणिताने ठरवलेलं नाही. मोल वेगवेगळं असू शकतं, हे लेखक त्याच भागात सांगतात. उत्तर मात्र सहाव्या प्रकरणात. तिथे प्रत्येक मागणी घेतली तर किती आणि सोडली तर किती, दोन्ही हिशेब ठेवावे लागतात. घाईने हात घालून तिथे भागत नाही.

त्याच चौथ्या प्रकरणात आणखी एक प्रश्न आहे: कुणालाच नाही म्हणायचं नसेल, तर खोल्या किती लागतील? एका क्षणी जास्तीत जास्त जितक्या मागण्या एकमेकींवर येतात, बरोबर तितक्या. मी वर्गात हा प्रश्न आधी घेतला असता.