सुताराची दृष्टी आणि प्राचीन आसने

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळच्या दहाव्या लेण्यास लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. सातव्या शतकातील या चैत्यगृहाच्या कमानदार छतावर कोरलेले दगडी वासे पाहता हे नाव सार्थ वाटते. कलाविवेचक येथे 'लाकडाचे अनुकरण' एवढे म्हणून बहुधा पुढे जातात. परंतु हे अनुकरण रचनेचे की केवळ रूपाचे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. आणि प्राचीन लाकडी सामानाच्या अभ्यासात तोच प्रश्न मुख्य होय.

भाजे व कार्ले येथील लेण्यांतील वासे खरोखरीच लाकडाचे आहेत. तथापि तेही छताचा भार वाहत नाहीत, कारण वरचे छत अखंड खडकाचे आहे. म्हणजे वासा दगडात उतरण्यापूर्वी, लाकडाचा असतानाच, आपल्या मूळ कार्यापासून सुटला होता. तेव्हा 'हे अंग भार पेलते काय?' हा सुताराचा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

त्या काळची लाकडी आसने कालौघात नष्ट झाली असल्याने त्यांचा विचार शिल्पांवरूनच करणे भाग आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील काही बुद्धमूर्तींच्या आसनांवर व्याल आणि मकर आढळतात. मूर्तिशास्त्र त्यांची नावे व अर्थ नोंदविते. सुतार मात्र आधी जोड पाहील. पाठीच्या उभ्या दांड्यांवर आडवा दांडा बसविलेला दिसतो. त्याची टोके दोहों बाजूंस पुढे आलेली असून मकरमुखे नेमकी तेथे आहेत. खाच लाकडाच्या अगदी टोकाशी घेतल्यास ते चिरते. म्हणून कुशल कारागीर खाचेपलीकडे थोडे लाकूड राखतो. मकर हा अशा राखलेल्या टोकाचा अलंकार असणे संभवनीय आहे. उलट, दांड्यालगतचा व्याल काढला तरी आसन उभे राहील. तो शोभेचा भाग मानावा लागेल.

अफगाणिस्तानातील बेग्राम येथे १९३७ ते १९३९ या काळातील उत्खननांत आसनांचे हस्तिदंती पत्रे सापडले; लाकूड मात्र कुजून गेले होते. अलंकार उरतो आणि सांगाडा जातो, असाच हा पुरावा आहे. म्हणून उरलेल्या अलंकारावरून गेलेला सांगाडा शोधणे हेच अभ्यासकाचे काम ठरते. त्यासाठी ग्रंथांइतकाच रंधा व पटाशी यांचा परिचय आवश्यक आहे. मात्र सुताराचा तर्कही शिल्पाच्या कसोटीस उतरला पाहिजे. दगडास चिरण्याचे भय निराळे, आणि शिल्पी कित्येकदा केवळ परंपरा राखीत असतो.