वेष्टनांची साक्ष आणि तिच्या मर्यादा : लंडनच्या ‘म्युझियम ऑफ ब्रँड्स’विषयी

प्रस्तावना
वस्तू वापरून संपली की तिचे वेष्टन फेकून दिले जाते. त्यामुळे दैनंदिन जीवनाचा हा पुरावा अभिलेखागारांपर्यंत क्वचितच पोहोचतो. ही उणीव रॉबर्ट ओपी यांनी ओळखली. 1963 मध्ये, वयाच्या 16व्या वर्षी, त्यांनी इन्व्हर्नेस रेल्वे स्थानकावर खाल्लेल्या ‘मंचीज’चे रिकामे पाकीट जपून ठेवले आणि तेथून त्यांच्या संग्रहास आरंभ झाला. 1975 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या संग्रहाचे प्रदर्शन भरले. 1984 मध्ये ग्लॉस्टर येथे त्यांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. 2005 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात ‘म्युझियम ऑफ ब्रँड्स’ सुरू झाले व 2015 मध्ये ते लँकेस्टर रोडवरील वास्तूत हलविण्यात आले.

मांडणीचे सामर्थ्य
12,000 हून अधिक वस्तू ‘टाइम टनेल’ या वळणदार मार्गिकेत व्हिक्टोरियन काळापासून कालानुक्रमे मांडण्याची पद्धत संग्रहालयाने स्वीकारली. ग्रंथांतून सहजी न उमगणारे परिवर्तन त्यामुळे डोळ्यांना दिसते. पूर्वी दुकानदार साबणाच्या लांब लादीतून तुकडा कापून तो वजनावर देत असे. ग्राहकाचा विश्वास दुकानदारावर होता. 1884 मध्ये विल्यम लिव्हर यांनी ‘सनलाइट’ साबण बाजारात आणला व तो वेष्टनातील तयार वडीच्या रूपात विकला जाऊ लागला, तेव्हा हा विश्वास छापील नावाकडे वळला. त्याआधीच, 1875 च्या कायद्यानुसार, 1 जानेवारी 1876 रोजी ‘बास’ मद्याच्या लाल त्रिकोणाची ब्रिटनमधील पहिले व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली होती. नावाला मालमत्तेचे मोल येण्याची ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी असा संग्रह अमोल ठरतो.

मांडणीच्या मर्यादा
तथापि, वेष्टनावरील प्रत्येक शब्द विक्रेत्याचा असतो. केवळ वेष्टनांतून उभा राहणारा इतिहास म्हणूनच विक्रेत्याच्या वाणीत बोलतो. साबणासाठी लागणाऱ्या पामतेलाकरिता लिव्हर कंपनीने 1911 मध्ये बेल्जियन काँगोत मोठ्या सवलती मिळविल्या. तेथील मजुरांवर झालेली सक्ती इतिहाससंशोधनाने उजेडात आणली आहे. परंतु साबणाच्या वेष्टनावर तिची खूण सापडणे शक्य नाही. ती साक्ष संग्रहाबाहेरूनच आणावी लागते.

दुसरी मर्यादा वापरकर्त्याविषयीची आहे. रॉबर्ट यांचे आईवडील, आयोना व पीटर ओपी, हे लोकसाहित्याचे विख्यात अभ्यासक होते. शाळकरी मुलांच्या मौखिक परंपरेवरील त्यांचा ग्रंथ 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 5,000 मुलांकडून मिळविलेल्या त्या सामग्रीत कोणते वचन कोठे ऐकले याला महत्त्व होते. वेष्टनांच्या दशकवार मांडणीत ‘केव्हा’ कळते. ‘कोणी’ व ‘कसे’ हे मात्र अनुत्तरित राहते.

तिसरी मर्यादा भारतीय अनुभवातून अधिक स्पष्ट होते. लिव्हर उद्योगसमूहाने 1937 मध्ये भारतात आणलेल्या ‘डालडा’ वनस्पती तुपाचा डबा महाराष्ट्रातील असंख्य घरांत तूप संपल्यानंतरही वर्षानुवर्षे नांदला. त्यात धान्य साठविले गेले, तुळस लावली गेली. अशा डब्याला कोणत्या दशकात बसवावयाचे? त्याचे खरे आयुष्य विक्रीनंतर सुरू झाले होते. कालानुक्रमी मांडणी वेष्टनाचे जन्मवर्ष सांगते, आयुष्य सांगत नाही.

निष्कर्ष
टाकाऊ मानलेल्या वस्तूला ऐतिहासिक साधनाचा दर्जा मिळवून देणे हे ओपी यांचे कार्य निर्विवाद मोलाचे आहे. परंतु वापरकर्त्याची नोंद नसलेला संग्रह अभ्यासापेक्षा स्मरणरंजनाकडे अधिक झुकतो. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, वाणिज्य व समाजशास्त्र विभागांनी स्थानिक वेष्टनांचा संग्रह हाती घेतल्यास प्रत्येक डब्यासोबत तो वापरणाऱ्या घरातील व्यक्तीचे निवेदनही टिपून ठेवणे अगत्याचे आहे. डबा पुढेही कोठे तरी मिळू शकेल. तो वापरणाऱ्या पिढीची साक्ष तिच्यासोबतच लोपणार आहे.