उमाताकचा किनारा आणि स्मरणाचा अर्थ

प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर उमाताक नावाचे खेडे आहे. मार्च महिन्यात तेथील चामोरो लोक फर्दिनांद मॅगेलनच्या आगमनाचा प्रसंग किनाऱ्यावर वठवीत आले आहेत. होडी लागते, झटापट होते, झोपड्या पेटतात. या दिवसास पूर्वी 'शोध-दिन' म्हणत. पुढे त्यास चामोरो वारशाचे नाव मिळाले. नाव बदलले हे उचितच. परंतु संहितेचे काय?

मॅगेलन उमाताकलाच उतरला यास पक्का आधार नाही. हा दोष आम्हांस गौण वाटतो. खरा प्रश्न पिगाफेत्ताच्या प्रवासवर्णनातून उभा राहतो. मार्च 1521 मध्ये एका चोरीस गेलेल्या होडीपायी मॅगेलनने 40 सशस्त्र माणसे उतरविली, 40-50 घरे जाळली, 7 माणसे मारली. वर बेटांना 'चोरांची बेटे' हे नाव चिकटले! नावांत बसून रडणाऱ्या, केस उपटणाऱ्या स्त्रियांचीही नोंद हाच लेखक करतो. आमच्या मते प्रसंगाचे हृदय येथे आहे. आग प्रेक्षणीय असते, विलाप नसतो. म्हणून नाट्य आगीपाशीच रेंगाळण्याचा धोका.

या उतरण्यास सुवार्तेचा आरंभ म्हणणेही चुकीचे. येशूसंघीयांचे मिशन तेथे 1668 मध्ये आले. आपण याजक 'स्मरण' हा शब्द वेदीपाशी नित्य उच्चारतो. तेथे स्मरण असते ते वधिलेल्याचे. उमाताकच्या त्या 7 जणांची नावे पिगाफेत्ता देत नाही. नाट्यात त्यांच्यासाठी निदान क्षणभर मौन असावे, एवढीच आमची सूचना.