स्वप्नाचे फळ आणि स्वप्नाचा अर्थ

स्वप्नात दात पडला तर घरातले कोणी दगावणार, साप दिसला तर धनलाभ होणार, अशी उत्तरे स्वप्नफलाच्या पुस्तकांत तयार असतात. घरातल्या मोठ्यांकडून ती मुलांपर्यंत पोहोचतात आणि मुलांबरोबर वर्गात येतात. ‘सर, पहाटेचे स्वप्न खरे होते का?’ असे विचारणारे मूल पुष्कळदा घाबरलेले असते. ‘स्वप्नांना काही अर्थ नसतो, बस खाली’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. ते शास्त्रीयदृष्ट्याही पुरेसे नाही, असे आम्हाला वाटते. हे तपासण्यासाठी एका जुन्या मराठी स्वप्नवृत्तान्ताची चिकित्सा करू या.

हे स्वप्न कोल्हापुरातच पडलेले आहे. संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले आहे. (‘अरे संसार संसार’च्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या विसाव्या शतकातल्या.) लहानपणीच त्यांचे लग्न मोठ्या वयाच्या बिजवराशी झाले. कुटुंब गाव सोडून भटकत कोल्हापूरला आले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आसपास होत्या. येथे जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकारामांचे अभंग ऐकले आणि त्यांच्या भेटीचा ध्यास घेतला. लळा लागलेले वासरू मेले, नवऱ्याने मारहाण केली. अशा दिवसांत तुकाराम स्वप्नात आले आणि त्यांनी उपदेश दिला. त्या वेळी तुकाराम देहूला हयात होते. बहिणाबाईंनी त्यांना पाहिलेले नव्हते.

हा वृत्तान्त पुरावा म्हणून वाचताना सावध राहिले पाहिजे. तो पुढच्या वयात, मागे वळून सांगितलेला आहे. स्वप्न जागे होताच विरू लागते आणि दर वेळी सांगताना थोडे बदलते. तेव्हा तपशिलांची शहानिशा आज करता येणार नाही. पण या वृत्तान्ताचा मोठा गुण असा की स्वप्नाआधीचे दिवस त्यात आहेत. काय ऐकले, कशाची ओढ होती, कोणते दुःख झाले, हे सगळे त्यात आहे. स्वप्नफलाच्या पुस्तकात नेमके हेच नसते. तेथे साप सर्वांचा सारखाच. स्वप्न पाहणारा शेतकरी आहे की सर्पमित्र, याची विचारपूस नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकाला हा फरक माहीत होता. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी सुचवणारे आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिले पाच प्रकार निष्फळ, म्हणजे पुढचे काही न सुचवणारे, असे चरकाचे मत आहे. सहावा प्रकार आज स्वीकारता येत नाही. पण बहिणाबाईंचे स्वप्न ‘ऐकलेले’ आणि ‘इच्छिलेले’ या दोन प्रकारांत चपखल बसते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील एक विशेष अवस्था नोंदवली. तिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. ही अवस्था सुमारे दर ९० मिनिटांनी येते. त्या वेळी उठवलेली माणसे बहुधा स्वप्न पाहत होतो असे सांगतात. इतर झोपेतही स्वप्ने पडतात, पण कमी. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ले यांनी मांडले की मेंदूच्या तळाकडून येणाऱ्या विस्कळीत संदेशांची वरचा मेंदू गोष्ट जुळवतो, तेच स्वप्न. पण गोष्टीचा माल कोठून येतो? २००० साली स्टिकगोल्ड व सहकाऱ्यांनी २७ जणांना ‘टेट्रिस’ हा खेळ खेळायला दिला. झोप लागताना त्यांपैकी १७ जणांना खेळातल्या आकृती दिसल्या. त्यांत स्मृतिभ्रंशाचे तीन रुग्णही होते. त्यांना आपण खेळलो हेसुद्धा आठवत नव्हते! स्वप्ने का पडतात यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पण माल अनुभवाचा असतो, हे मात्र पक्के होत गेले आहे.

मग स्वप्ने खरी कशी होतात? थोडे गणित करू. मंगळवार पेठेतल्या एखाद्या शाळेत ४० मुलांचा वर्ग आहे आणि प्रत्येकाला रात्री चार स्वप्ने पडतात असे धरू. महिन्याला ४,८०० स्वप्ने झाली! त्यांतली दोनचार पुढच्या घटनांशी जुळली नाहीत, तरच नवल. जुळलेली लक्षात राहतात, बाकीची विसरली जातात.

याचा प्रयोग वर्गात करता येईल. मुलांनी उठल्याबरोबर स्वप्न लिहावे. शेजारी दोन रकाने ठेवावेत: ‘आधी घडलेले’ आणि ‘नंतर घडलेले’. महिन्याने कोणता रकाना किती भरला ते मोजावे. सांगायचे नसेल ते स्वप्न कोणी दाखवू नये आणि शिक्षकांनी मागू नये.

बहिणाबाईंच्या स्वप्नाने भविष्य सांगितले नाही. ब्राह्मण स्त्रीने शूद्र म्हटल्या जाणाऱ्या संताला गुरू मानावे, याचा नवऱ्याला राग आला. तरी त्या मागे हटल्या नाहीत. पुढे देहूला त्यांची तुकारामांशी प्रत्यक्ष भेट झाली. त्या स्वप्नाचा अर्थ त्यांच्या आयुष्यात होता, कोणत्याही कोष्टकात नव्हता. म्हणून घाबरलेल्या मुलाला ‘याचे फळ काय’ हे सांगण्याऐवजी ‘काल काय झाले होते?’ असे विचारावे. कधी कधी त्या उत्तरात स्वप्नापेक्षा जास्त गंभीर काही सापडेल, आणि तेथे शिक्षकाची खरी गरज असेल.