निमंत्रण आणि निरोप : १८४४ चे कोल्हापूर व आफ्रिकेतील सैनिकी हस्तक्षेप

आफ्रिकेतील संघर्षांत माजी साम्राज्यसत्ता सैन्य धाडतात, तेव्हा त्यांच्या समर्थनात बहुधा तीन कारणे आढळतात : स्वकीयांचे रक्षण, सुव्यवस्थेची पुनःस्थापना आणि तेथील शासनाची विनंती. यांपैकी तिसरे कारण सर्वांत सबळ मानले जाते. कारण यजमानानेच बोलाविले असता पाहुण्यास आक्रमक कसे म्हणावे? या युक्तिवादाची परीक्षा करण्यास कोल्हापूरच्या अभ्यासकाला दूर जावयास नको.

१८३८ मध्ये शहाजी महाराजांचे निधन झाले व गादीवर अल्पवयीन राजा आला. राज्यकारभारात अव्यवस्था माजली हे नाकारता येत नाही. पुढे कंपनी सरकारने दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमले. गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे जाऊ लागताच १८४४ मध्ये सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. गडाची चाकरी आणि तीबद्दलची जमीन हा त्यांच्या दृष्टीने एकच वंशपरंपरागत हक्क होता. कर्नल ओव्हन्स हा कंपनीचा अधिकारी पन्हाळ्यावर कैदेत पडला. फौजेने ऑक्टोबरात सामानगड व डिसेंबरात पन्हाळा घेतला. १८८६ च्या मुंबई गॅझेटिअरमध्ये हा प्रकार ‘बंड’ म्हणून नोंदला आहे. त्या एका शब्दातच फौजेचे समर्थन होऊन जाते. परंतु ज्या कारभाराच्या रक्षणार्थ ती आली, तो कारभार कंपनीनेच निर्माण केला होता, ही गोष्ट त्या शब्दामागे लपते. पुढे किल्ले निकामी करण्यात आले, आणि राज्याधिकार छत्रपतींकडे परत येण्यास १८६२ साल उजाडावे लागले.

आफ्रिकेत हाच प्रश्न पुनःपुन्हा उद्भवतो. १९६० च्या जुलैमध्ये बेल्जियमने स्वकीयांच्या रक्षणार्थ काँगोत सैन्य उतरविले. भय खोटे नव्हते. तथापि लुमुंबा यांच्या शासनाची त्यास संमती नव्हती, आणि त्याच सैन्याच्या छायेत खनिजसंपन्न कटांगा प्रांत फुटून निघाला. १९६४ मध्ये गॅबनच्या सैनिकांनी अध्यक्ष लेआँ म्बा यांस पदच्युत केले, तेव्हा फ्रेंच सैन्याने त्यांना पुन्हा अधिकारावर बसविले. त्यास आधार १९६० च्या संरक्षण-कराराचा होता. म्हणजे निमंत्रणाची सोय स्वातंत्र्याबरोबरच करून ठेवलेली होती.

मात्र प्रत्येक निमंत्रण बनावट मानणे हेही अशास्त्रीय होय. २०१३ मध्ये मालीच्या हंगामी अध्यक्षांनी फ्रान्सची मदत मागितली, तेव्हा सशस्त्र गट खरोखरच पुढे सरकत होते आणि अनेक नागरिकांनी त्या सैन्याचे स्वागत केले. पुढे सत्तांतर होऊन नवे लष्करी शासन व फ्रान्स यांचे संबंध बिघडले, आणि २०२२ मध्ये फ्रेंच सैन्य माली सोडून गेले. ते शासन लोकनियुक्त नव्हते. तरीही यजमानाच्या विरोधात पाहुण्यास राहता आले नाही.

१८४४ च्या कोल्हापुरास हे शक्य नव्हते. म्हणून समर्थनाचे मूल्यमापन करताना निमंत्रण कोणी दिले एवढेच विचारणे पुरेसे नाही. ज्याने बोलाविले त्याला निरोप देण्याचा अधिकार होता काय, हे पाहिले पाहिजे. तो नसेल, तर विनंतीचा कागद कितीही नियमबद्ध असला तरी त्यास संमती म्हणता येणार नाही.